केशवकुमारांची झेंडूची फुले

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका दरवर्षी निघते आणि तीत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा आपला पायंडा आहे. आजवर सावित्रीबाई झाल्या, रमाबाई रानडे झाल्या, अण्णासाहेब कर्वे झाले. या वर्षी हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी आचार्य अत्र्यांचे नाव सुचवले आणि कार्यकारिणीच्या सभेत क्षणभर कोणी बोलेचना. अत्रे मोठे होते याविषयी दुमत नव्हते. पण महिला मंडळाच्या स्मरणिकेत अत्रे, आणि तेही त्यांच्या विडंबनकवितांच्या निमित्ताने, हे काही भगिनींना जरा चमत्कारिक वाटले.

मी ते नाव उगाच घेतले नव्हते. यंदाच्या वर्धापनदिनी विडंबनगीतांचा कार्यक्रम ठेवावा की नाही यावरून आपल्या सभेत दोन तट पडले हे सभासदांना ठाऊकच आहे. शेजारच्या ज्या मंडळींच्या हाती ही स्मरणिका पडेल त्यांच्यासाठी सांगते. तरुण सभासदांचे म्हणणे असे की, हसवणारा कार्यक्रम असला म्हणजे मंडप भरतो. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, मंडप भरतो खरा, पण मने मोडतात, आणि त्याचा दाखला आपल्याच मंडळात आहे. तो दाखला म्हणजे मी. तेव्हा हे चरित्र लिहिताना थोडे माझेही प्रायश्चित्त होते आहे असे समजावे.

गोष्ट १९९५ सालच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. ‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट त्या वेळी घरोघर पोहोचला होता. त्यातल्या डोहाळजेवणाच्या गाण्याची चाल घेऊन मी एक विडंबन रचले. विषय होता आपल्या भिशीची वही सांभाळणाऱ्या एका भगिनीचा. ती पैसे तीनतीनदा मोजायची, बोट ओले करून पुन्हा मोजायची, आणि एक रुपया कमी भरला तर सगळ्यांना पिशव्या झाडायला लावायची. गाणे रंगले. बायका हसून हसून खाली बसल्या. तीही हसली. दुसऱ्या महिन्यात तिने मुलाच्या हाती वही पाठवून दिली आणि ती मंडळात यायची थांबली. पुढे कोणाकडून तरी मला कळले की, त्या हिवाळ्यात तिच्या यजमानांचा कारखाना बंद पडला होता. हिशेबात एक रुपया कमी आला तर तो तिला पदरचा भरावा लागे, आणि तो पदरी नव्हता. माझ्या गाण्यातले प्रत्येक अक्षर खरे होते. फक्त मी जे चिक्कूपण समजले होते ती ओढगस्त होती.

त्या उन्हाळ्यात मी वाचनालयातून ‘झेंडूची फुले’ हे अत्र्यांचे पुस्तक आणले. हसण्यासाठी नव्हे, या माणसाने इतक्या लोकांची टर उडवली आणि तरी महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतले, ते कसे, हे पाहण्यासाठी. मग एकामागून एक त्यांची इतर पुस्तकेही वाचत गेले. ते वाचन अजून संपलेले नाही.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यात सासवडजवळच्या कोढीत खुर्द या गावी झाला. सासवड म्हणजे पुरंदर किल्ल्याच्या छायेतले गाव. सोपानदेवांची समाधी तेथे आहे आणि कऱ्हा नदी गावाला वळसा घालून जाते. त्या नदीची आठवण त्यांनी जन्मभर ठेवली. आपल्या अनेक खंडांच्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ असेच नाव दिले. ज्यांनी फक्त विनोदी अत्रे ऐकले आहेत त्यांनी त्याचा पहिला खंड अवश्य वाचावा. कीर्तने, जत्रा, गावातले तऱ्हेवाईक लोक, आणि कशालाही नाव ठेवून मोकळी होणारी ग्रामीण जीभ, हे सारे त्यांच्या कानावर लहानपणीच पडलेले होते. थट्टा हा त्यांच्याकडे पुस्तकातून आलेला गुण नव्हे.

आणि खरे सांगायचे तर तो आपल्याकडेही पुस्तकातून आलेला नाही. नाथांचे ते भारूड आपण दर नवरात्रात बसवतो, ज्यात एक सून देवीला नवस बोलते आणि सासऱ्यापासून नणंदेपर्यंत एकेकाला बाजूला करण्याची प्रार्थना करते. नवसाचीच ती नक्कल नाही काय? भोंडल्याच्या गाण्यातला तो वेडा नवरा, जो बायकोने केलेल्या करंज्या होड्या समजून पाण्यात सोडतो, तो कोणत्या विद्वानाने रचला? सासुरवाशिणींनी रचला. ज्यांना घरात मोठ्याने बोलण्याची सोय नव्हती त्यांनी फेर धरून गाण्यात बोलून घेतले. त्यामुळे विडंबन हा पुरुषांचा आणि शहरी लोकांचा खेळ आहे असे कोणी म्हणू लागले की मला पटत नाही.

असो. अत्रे पुण्यात शिकायला आले आणि तेथे त्यांना राम गणेश गडकरी भेटले. गडकऱ्यांची तीन रूपे होती: नाटके लिहिणारे गडकरी, कविता लिहिणारे गोविंदाग्रज आणि विनोदी लेख लिहिणारे बाळकराम. रडवणारा आणि हसवणारा माणूस एकच असू शकतो, हे अत्र्यांनी या गुरूच्या घरी पाहिले. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. त्याच वर्षी अत्रे फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. ए. झाले आणि शिक्षकीच्या पेशात शिरले.

ते शिक्षक होते हे आज पुष्कळांच्या ध्यानात नसते. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. १९२७ साली ते लंडनला गेले आणि शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले. पुढे त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली आणि मराठी शाळांतल्या क्रमिक पुस्तकांचे रूप पालटले. धड्यातून उपदेश कमी झाला आणि गोडी वाढली. आपल्यापैकी किती जणींनी शाळेत ‘आजीचे घड्याळ’ ही कविता पाठ केली असेल! ज्या आजीजवळ काटे नसलेले घड्याळ आहे, कोंबड्याच्या आरवण्यावरून आणि उन्हाच्या सरकण्यावरून जी सगळ्या घराची वेळ सांभाळते, त्या आजीची ती कविता. कवीचे नाव खाली छापलेले असे केशवकुमार. मला फार उशिरा कळले की, हे केशवकुमार म्हणजे अत्रे, आणि विडंबने लिहिणारे केशवकुमार ते हेच.

या नावातही एक गंमत आहे. वडील केशवराव, म्हणून मुलगा केशवकुमार, हे सरळच आहे. पण मराठी कवितेला नवे वळण देणारे कृष्णाजी केशव दामले यांनी आपल्या वडिलांच्या नावावरून केशवसुत हे नाव घेतले होते. सुत काय आणि कुमार काय, अर्थ एकच. थोर कवीच्या नावाशेजारी आपले नाव असे ठेवायचे की ते अभिवादनही वाटावे आणि खोडीही वाटावी, यात सगळे अत्रे आले.

आता ज्या कवितांची थट्टा झाली त्यांच्याविषयी थोडे सांगते, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, वि. द. घाटे, श्रीधर रानडे, नाट्यछटाकार दिवाकर ही मंडळी त्यात होती. मनोरमाबाई रानडे या त्यातल्या कवयित्री. ही मंडळी चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवत, पुस्तके काढत. कविता नुसती छापायची नाही तर सभेत गाऊन दाखवायची, ही चाल त्यांनी लोकप्रिय केली. चित्रपटगीते अजून यायची होती. त्या काळात तरुण मुलामुलींच्या ओठांवर जी गाणी असत ती या कवींची असत. माधव जूलियनांनी फारसीतून गझल मराठीत आणली, यशवंतांच्या ‘आई’ या कवितेने घरोघरच्या आयांचे डोळे ओले केले. हे सगळे खरोखर चांगलेच होते. पण चांगल्या गोष्टीच्या मागून तिच्या नकला येतात. ज्याला त्याला प्रेमभंग होऊ लागला. प्रत्येकाची प्रेयसी चंद्रासारखी आणि प्रत्येकाचे हृदय दुभंगलेले. काव्यसंग्रहांना नाजूक फुलांची, किरणांची, लहरींची नावे पडू लागली. मासिकांत कवितेबरोबर कवीचे छायाचित्र छापून येऊ लागले.

अशा वेळी, १९२५ साली, केशवकुमारांनी आपला संग्रह काढला आणि त्याला नाव दिले ‘झेंडूची फुले’. झेंडूवर कोणी कविता करीत नाही. तो दसऱ्याला दाराच्या तोरणात जातो, यंत्रांना आणि गाड्यांना वाहिला जातो, त्याला वास म्हणावा तर उग्र. पण ढिगाने पिकतो आणि सगळ्यांना परवडतो. नावातच सगळे सांगून झाले होते.

या पुस्तकातील ‘प्रेमाचा गुलकंद’ मी आजवर कितीतरी वेळा वाचली असेल. एक तरुण आपल्या आवडत्या मुलीला रोज न चुकता गुलाबाची फुले नेऊन देतो. ती घेते. काही बोलत नाही. असे पुष्कळ दिवस चालते. शेवटी त्याचा धीर सुटतो आणि तो विचारतो की, एवढी फुले दिली, त्यांचे झाले काय? ती शांतपणे आत जाते आणि भरलेली बरणी घेऊन येते. सगळ्या गुलाबांचा तिने गुलकंद घातलेला असतो, आणि तोंड गोड करा म्हणून ती त्यालाच आग्रह करते. त्याच्या डोळ्यांपुढे तारे चमकतात. पण मग तोही विचार करतो की, एवढा खर्च झाला आहे, प्रेम नाही तर गुलकंद तरी का सोडावा? आणि बरणी खांद्यावर घेऊन घरी जातो.

कवितेत त्या मुलीला कोणी हसत नाही, हे पहिल्या वाचनात माझ्या लक्षात आले नव्हते. त्या काळच्या प्रेमकवितेतली नायिका एकतर चंद्रिका असे नाहीतर पाषाणहृदयी. तिला हात असत, पण ते कमळाचे. त्या हातांनी ती काही करीत असल्याचे दिसत नसे. केशवकुमारांच्या कवितेत प्रथमच ती मुलगी बरणी, साखर आणि ऊन यांच्या हिशेबाने वागते. फुले वाया घालवायची नाहीत एवढे तिला कळते. शहाणी तीच आहे. फजिती होते ती नाटकी प्रेमाची, आणि तीही गोड होते. माझ्या १९९५ च्या गाण्यात काय झाले होते? मी बरणी भरणाऱ्या बाईला हसले होते. पैसा जपून वापरणाऱ्या बाईला, तो का जपते हे न विचारता. हे मला अत्र्यांनी दाखवले आणि दाखवले तेव्हा बरे वाटले नाही.

दुसरी कविता ‘आम्ही कोण?’. केशवसुतांची याच नावाची कविता कवीच्या थोरवीची आहे. केशवकुमारांनी तेच नाव आणि तोच थाट घेऊन नव्या कवींना बोलते केले. हे कवी अभिमानाने सांगतात की, मासिकांत आमची छायाचित्रे येतात आणि दुसऱ्यांच्या वाङ्मयातली चोरी आम्ही बेधडक करतो. येथे केशवसुतांची थट्टा आहे असे वरवर वाटते. पण केशवसुत १९०५ सालीच गेले होते आणि अत्र्यांना त्यांच्याविषयी आदर होता. थट्टा आहे ती त्यांचा अंगरखा घालून मिरवणाऱ्यांची. मूळ कविता मोठी आहे म्हणूनच तो अंगरखा ढगळ होतो आणि हसू येते. आणखी एका कवितेत विरहाची सगळी आळवणी आहे, पण ती सखीसाठी नसून कपडे घेऊन गेलेल्या परिटासाठी आहे. ज्या घरात दोनच धोतरे असतील तेथे हा विरह काही खोटा नाही.

विडंबन करणे सोपे असते असा समज आहे. यमके जुळवली, चार नावे घातली, झाले. मीही असेच समजत होते. एक प्रयोग करून पाहा. लग्नात मंगलाष्टके ज्या चालीवर म्हणतात, ते वृत्त म्हणजे शार्दूलविक्रीडित. एका ओळीत एकोणीस अक्षरे, आणि लघुगुरूंचा क्रम ठरलेला. केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ त्याच वृत्तात आहे, केशवकुमारांचीही आहे, आणि ‘आजीचे घड्याळ’सुद्धा आहे. घरी कोणी नसताना मंगलाष्टकाच्या चालीवर ‘आजीचे घड्याळ’ म्हणून पाहा, अक्षर न् अक्षर बसते. मग त्याच चालीत स्वतःची एक ओळ रचायचा प्रयत्न करा. मला एका ओळीला एक दुपार लागली आणि भाजी करपली. केशवकुमारांचे वृत्त कुठे लंगडत नाही. ज्याची नक्कल करायची त्याच्याइतकी तरी तयारी हवी, आणि ती तयारी त्या कवितेवर प्रेम असल्याखेरीज होत नाही. नावडती गोष्ट इतक्या वेळा कोण घोकील? पुढे काळ गेला, मूळ कवितांपैकी अनेक लोक विसरले, पण झेंडूची फुले टिकली. तेव्हा डॉ. स. गं. मालशे यांनी टीपा देऊन त्याची आवृत्ती सिद्ध केली. कोणत्या कवितेची थट्टा आहे ते वाचकाला सांगावे लागू लागले होते.

कवितेनंतर अत्रे रंगभूमीकडे वळले. बालमोहन संगीत मंडळीने त्यांची नाटके केली. १९३३ चे ‘साष्टांग नमस्कार’ हे एका अर्थाने सबंध समाजाचे विडंबन आहे. घरातला कर्ता पुरुष नमस्काराच्या व्यायामाने झपाटलेला, आणि बाकीच्या प्रत्येकाला आपापले वेगळे वेड. मग १९३४ साली ‘घराबाहेर’ आले आणि लोक चकित झाले, कारण त्यात हसू नव्हते. सासरच्या घरात अपमान सोसणारी निर्मला घराचा उंबरा ओलांडते, अशी ती कथा. ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’, ‘जग काय म्हणेल’ या नाटकांतही लग्न, संसार आणि स्त्रीचे स्थान हेच विषय फिरून फिरून आले. १९४७ चे ‘मोरूची मावशी’ हे ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून घेतलेले. त्यातली मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. विजय चव्हाणांनी ती भूमिका पुढच्या पिढीत केली आणि आपल्यातल्या कित्येक जणींनी ती पाहिली असेल.

चित्रपटातही तेच. १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’मध्ये एक तरुण व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि लगेच एका मुलीच्या प्रेमात पडतो. मास्टर विनायक आणि मीनाक्षी शिरोडकर यांचा हा चित्रपट. मीनाक्षीबाईंनी त्यात पोहण्याच्या पोषाखात गाणे म्हटले म्हणून केवढा गहजब झाला होता! नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या नट्यांच्या त्या आजी, हे सांगितले की आमच्या सुनांच्या पिढीला एकदम ओळख पटते.

आणि मग १९५३ साली याच माणसाने साने गुरुजींच्या पुस्तकावरून ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची सुरुवात झाली, तेव्हा पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. माझी आई हा चित्रपट तीन वेळा पाहून आली होती आणि तिन्ही वेळा पदर ओला करून. गडकऱ्यांच्या घरी जे शिकले होते ते असे तीसपस्तीस वर्षांनी कामाला आले. त्यानंतर लगेच त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपटही काढला.

अत्र्यांचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हे चरित्र न होता आरती होईल. १९४० साली त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक काढले आणि १५ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘मराठा’ हे दैनिक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या पत्राने आणि शिवाजी पार्कवरच्या त्यांच्या भाषणांनी लाखो लोक पेटून उठले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण लढ्याच्या भरात त्यांच्या लेखणीला पुष्कळदा धरबंध राहिला नाही. थट्टेची शिवी झाली. माणसांच्या रूपावर, खासगी आयुष्यावर घसरणे झाले. ना. सी. फडके यांच्याशी त्यांचे वैर वर्षानुवर्षे चालले आणि वाचक त्यात रमले, हे कोणाच्याच शोभेचे नव्हते. ‘झेंडूची फुले’ लिहिताना जो तोल होता तो पुष्कळ ठिकाणी सुटला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्यांच्या नावावर खपणारे असंख्य चावट किस्से मी येथे घेतले नाहीत त्याचे एक कारण हेही आहे. दुसरे कारण असे की, त्यांतले निम्मे तरी दुसऱ्याच कोणी रचलेले असावेत.

पण आणखी एक गोष्ट त्यांच्याजवळ होती. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात पंडित नेहरूंवर त्यांनी किती कडक टीका केली! आणि २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले तेव्हा त्यांनीच ‘मराठा’तून एकामागून एक लेख लिहून त्यांना अंतःकरणापासून श्रद्धांजली वाहिली. ते लेख ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूपात आले. आपण ज्याच्याशी भांडलो त्याचे मोठेपण चारचौघांत, छापून, उशिरा का होईना कबूल करणे सोपे नाही. माझ्याच्याने एका चहाच्या कपापलीकडे ते झाले नव्हते. भिशीवाल्या त्या भगिनीकडे मी १९९५ च्या श्रावणात गेले, तिने चहा केला, आम्ही पावसाविषयी बोललो, आणि मी उठून आले. पुढच्या चैत्रात ती हळदीकुंकवाला आली. बाकी काही बोलणे झाले नाही.

अत्र्यांच्या शेवटच्या काळातले गाजलेले नाटक म्हणजे ‘तो मी नव्हेच’. एका खऱ्या खटल्यावरून लिहिलेले. नवी नवी सोंगे घेऊन स्त्रियांना लग्नाच्या नावाखाली फसवणारा लखोबा लोखंडे त्यात आहे. १९६२ साली दिल्लीत पहिला प्रयोग झाला आणि प्रभाकर पणशीकरांनी ती भूमिका अजरामर केली. लोक त्या लखोबाच्या हजरजबाबीपणाला हसतात, हे खरे. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकेक फसलेली बाई येऊन उभी राहते तेव्हा नाट्यगृहात हसू कसे आटत जाते ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्र्यांचे निधन झाले. पत्नी सुधाताईंनी त्यांच्या वादळी संसाराची बाजू सांभाळली. कन्या शिरीष पै आणि मीना देशपांडे दोघीही लेखिका झाल्या. शिरीषताईंनी हायकू हा इवलासा जपानी काव्यप्रकार मराठीत रुजवला. त्या २०१७ साली गेल्या. ज्या बापाचे भाषण तासन् तास चाले त्याच्या लेकीने तीन ओळींत कविता लिहावी, याची मला नेहमी मौज वाटते. वरळीच्या चौकाला अत्र्यांचे नाव आहे आणि आता तेथल्या भुयारी मेट्रोच्या स्थानकालाही. आमच्या नातवाने परवा गाडीत ते नाव ऐकले आणि हे कोण म्हणून मला फोन करून विचारले. मी त्याला ‘आजीचे घड्याळ’ म्हणून दाखवली.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी प्रथम भिशीवाल्या त्या भगिनीकडे गेले. तीस वर्षांत जे बोलले नव्हते ते या खेपेस बोलले आणि तिची गोष्ट लिहिण्याची परवानगी मागितली. तिने दोन अटींवर ती दिली. पहिली, कारखाना बंद पडल्याचे लिहायचे, लपवायचे नाही. दुसरी, विडंबनाचा कार्यक्रम रद्द करायचा नाही, कारण तिला स्वतःला त्यात भाग घ्यायचा आहे. मग माझ्याकडची ‘झेंडूची फुले’ तिने मागून नेली. पंधरा दिवसांनी परत केली तेव्हा ‘प्रेमाचा गुलकंद’च्या पानात वाण्याची यादी खुणेला ठेवलेली होती, आणि यादीच्या पाठीमागे लघुगुरूंच्या खुणा काढलेल्या होत्या.

तिचे गाणे माझ्यावर आहे एवढे तिने सांगितले आहे. चाल मंगलाष्टकाची आहे. शब्द तिने मला दाखवले नाहीत आणि मी विचारले नाहीत. वर्धापनदिनी मी पहिल्या रांगेत बसायचे असे ठरले आहे.